आठव्या लेनमधला मुलगा आणि त्याची आई

नौपाडा_४०० (धागालेखिका)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

निमित्त घरचंच. लेक नववीत आहे, दोनशे मीटर पळते. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरली. परवा सर म्हणाले, "ताई, हिला आता चारशेला घेऊ या." लेक घरी येऊन ढसाढसा रडली. तिच्या लेखी चारशे म्हणजे ज्यांना दोनशे जमत नाही त्यांचा इव्हेंट. आणि मी तर आयुष्यभर चारशेच पळालेली! आता बोलावं तरी काय? शेवटी फोनवर वेड व्हॅन निकर्कची रिओ ऑलिंपिकमधली चारशेची रेस लावली आणि तिच्या हातात दिली.

ती रेस मला का पाठ आहे ते सांगते. १५ ऑगस्ट २०१६, आपल्याकडे सकाळचे सव्वासहा, रिओत आदल्या रात्रीचे पावणेदहा. मी उठले होते बोल्टच्या शंभरसाठी, ती त्यानंतर होती. खाली सोसायटीत झेंडावंदनाचा स्पीकर "हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग" करत होता. चारशेची फायनल मी चहा गाळता गाळता बघत होते. किरानी जेम्स आणि लाशॉन मेरिट, दोघंही आधीचे ऑलिंपिक विजेते, आतल्या लेनमध्ये. दक्षिण आफ्रिकेचा व्हॅन निकर्क एकदम कडेला, आठव्या लेनमध्ये. सेमीफायनल त्याने जिंकली नव्हती, मग चांगल्या लेन कशा मिळणार?

ज्यांनी चारशे पळलेलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येकाने आपापल्या लेनमध्येच पळायचं, आणि बाहेरचं वळण मोठं म्हणून बाहेरच्याला पुढे उभं करतात. आठवा पहिल्याच्या जवळजवळ ५३ मीटर पुढे. ऐकायला मजा वाटते, पण समोर कुणाची पाठच नसते. धरायचं कुणाला? सगळे मागे, आणि मागे काय चाललंय ते कळत नाही.

त्याने पहिले दोनशे साडेवीस सेकंदांच्या आसपास काढले. माझा हात गाळणीवर तसाच. "हा शेवटच्या शंभरात मरणार," मी मोठ्याने म्हणाले. (चारशेवाले 'मरणं' हाच शब्द वापरतात, गैरसमज नको.) मेला नाही. ४३.०३! मायकल जॉन्सनचा १९९९चा ४३.१८चा विश्वविक्रम गेला. जेम्स ४३.७६, मेरिट ४३.८५, म्हणजे तेही कमी नव्हतेच. चहा ओट्यावरून खाली.

लेकीने रेस दोनदा पाहिली. मग त्याच्याबद्दल वाचताना एक फोटो आला आणि तिने विचारलं, "ही पांढऱ्या केसांची आजी कोण?" ती त्याची कोच. आन्स बोथा, तेव्हा ७४ वर्षांची, पणजी झालेली. ब्लूमफाँटेनच्या विद्यापीठात पोरांना पळायला शिकवायची, सगळी पोरं तिला 'टॅनी आन्स' म्हणत, म्हणजे आन्समावशी. व्हॅन निकर्क मुळात दोनशेवाला. हॅमस्ट्रिंग सारखी धरायची, म्हणून तिनेच त्याला चारशेकडे वळवलं. मी काही न बोलता लेकीकडे बघत बसले. तिनेही काही न बोलता फोन परत दिला.

पण मला लिहायचंय ते त्याच्या आईबद्दल. ओडेसा स्वार्ट्स. उंच उडी मारायची, स्प्रिंटही पळायची, आणि चांगली पळायची. पण वर्णभेदाच्या काळात, केपटाउनच्या बाजूला, गोरी नसलेली मुलगी. देशाच्या संघाचा प्रश्नच नव्हता. तिचा मुलगा जन्मला १५ जुलै १९९२ला, आणि त्यानंतर दहाच दिवसांनी बार्सिलोना ऑलिंपिक सुरू झालं. १९६०नंतर दक्षिण आफ्रिकेला पहिल्यांदा घेतलेलं ऑलिंपिक तेच. आईला जे दार बंद होतं ते लेक पाळण्यात असताना उघडलं.

हे वाचल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले. माझे स्पाइक्स अजून तिथेच आहेत, कुठल्याशा जुन्या पेपरात गुंडाळलेले. चामडं पापडासारखं कडक झालंय, सहाच्या सहा पिना गंजून आत बसल्यात. कॉलेजला असताना मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर हातघड्याळाने ६१.८ लागलं होतं, तेव्हाचे. पुढच्या वर्षी लग्न. आमच्या सासूबाईंचं एक वाक्य घरात अजून गाजतं, "पळून पळून जाणार कुठे?"

तर प्रश्न असा. खेळाडूंच्या घरात जन्मलेल्याला नक्की काय मिळतं? रक्तात येतं म्हणतात तेच, की आणखी काही? कारण मला वाटतं, माझ्या लेकीला माझे पाय मिळालेलेच नाहीत, ती वडिलांवर गेलीय. तिला मिळालीय ती फक्त तिच्या शेवटच्या शंभराला गॅलरीत श्वास रोखून उभी राहणारी बाई.

---

खवचट_ठाणेकर

ताई, चहा सांडला हे वाचून फार वाईट वाटलं. बाकी धागा झकास.

---

जुना_स्टार्टर

चाळीस वर्षं पिस्तूल वाजवलंय, त्यामुळे दोन शब्द.

तुमच्या मुलीला सांगा, चारशे हा उरलेल्यांचा इव्हेंट नाही. पूर्ण वेग माणूस काही सेकंदच टिकवू शकतो, मग तो कोणीही असो. चारशेच्या शेवटी सगळेच मंदावतात. जो कमी मंदावतो तो जिंकतो, आणि टीव्हीवर आपल्याला वाटतं त्याने जोर काढला. हॅमस्ट्रिंगचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा पूर्ण वेगात, पाय पुढे टाकून जमिनीवर येताना जाते. चारशेचा वेग त्याच्या एक पायरी खाली असतो, म्हणून सर म्हणतात ते बरोबर आहे. फक्त लगेच दोन महिन्यांत टायमिंग मागू नका.

आणि व्हॅन निकर्क चारशेला गेला म्हणून त्याचा वेग गेला नाही, हेही दाखवा तिला. मार्च २०१६मध्ये ब्लूमफाँटेनला शंभर ९.९८ पळाला. शंभर दहाच्या आत, दोनशे वीसच्या आत, चारशे चव्वेचाळीसच्या आत, हे तिन्ही करणारा तो पहिला माणूस. (ब्लूमफाँटेन साधारण १४०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, स्प्रिंटला थोडी मदत होते. पण पुढच्या वर्षी स्लोव्हेनियात ९.९४ही पळाला, तेव्हा ती शंकाही मिटली.)

---

येऊर_वॉकर

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकली. ओडेसा स्वार्ट्सला कायद्याने, पोलिसांनी, राज्यव्यवस्थेने अडवलं. तुम्हाला सासूबाईंच्या एका वाक्याने. दोन्ही एका ओळीत ठेवणं मला जड जातं. शिवाय तिची गोष्ट नुसती अडवलं एवढीच नाही. ती ज्या संघटनेच्या स्पर्धांत पळायची, सॅकोस, तिचं म्हणणंच असं होतं की समाज वाकडा असताना खेळ सरळ कसा असेल? सरकारमान्य गोऱ्या संघटनेच्या दारात जायचंच नाही, आपल्या वेगळ्या स्पर्धा घ्यायच्या, रेकॉर्डबुकात नाव नाही आलं तरी चालेल. म्हणजे ते पळणं हाच एक निषेध होता.

---

नौपाडा_४००

येऊरकाका, मान्य. घाईत एका दमात लिहून गेले. सासूबाईंना वर्णभेदी सरकारच्या पंक्तीला बसवायचं नव्हतं. (त्यांना कळलं तर माझं काही खरं नाही.) निषेध म्हणून पळणं, हे वाचून थांबले थोडी. आम्ही तर प्रमाणपत्र आणि टी-शर्टसाठी पळायचो.

---

कळव्याहून

मी एकोणीस वर्षांचा. शंभर-दोनशे पळतो. पप्पा टेम्पो चालवतात, घरात कुणी कधी कॅरमसुद्धा खेळलेलं नाही.

खरं सांगू का, हे 'खेळाडूंचं घराणं' वाचलं की पोटात गोळा येतो. आपल्याकडे बघा ना. ज्योती याराजीचे वडील सिक्युरिटी गार्ड. हिमा दास शेतकऱ्याच्या घरातली. ज्यांच्या घरी कुणीच नाही तेच तर पळतायत. मग रक्ताचं काय घेऊन बसलात?

मला घरचं काय हवं होतं सांगतो. पहिल्या डिस्ट्रिक्टला मी सकाळी पोटभर कांदेपोहे खाऊन गेलो. मम्मीने प्रेमाने केले होते. हीट दीड तास लेट झाली आणि मी उन्हात उभा. फायनलला वळणावरच उलटी. घरात पळलेलं कुणी असतं तर एवढंच म्हणालं असतं, "केळं घे, पोहे नको." एवढंच. ते मला तीन वर्षांनी एका सीनियर पोराने सांगितलं.

---

जुना_स्टार्टर

कळव्याच्या पोरा, तू धागाताईंच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलंस. तीन वर्षं! खेळाडूच्या घरी ती तीन वर्षं वाचतात.

---

सानपाडा_नेरूळ

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. मी पाम बीच रोडवर पहाटे चालणाऱ्यांपैकी, पळणाऱ्यांपैकी नाही. पण लेकीमुळे सिडनी मॅक्लॉफ्लिनची फॅन झालेय, ४०० मीटर हर्डल्सवाली, म्हणजे अडथळ्यांची शर्यत.

तिचं घर म्हणजे अख्खं ट्रॅकवरचं. वडील विली १९८४च्या अमेरिकन ऑलिंपिक ट्रायल्समध्ये चारशेच्या सेमीफायनलपर्यंत गेलेले. आई शाळेत मुलांच्या टीममधून पळायची, कारण मुलींची टीमच नव्हती. भाऊ टेलरने २०१६मध्ये ज्युनियर वर्ल्डला हर्डल्समध्येच सिल्व्हर घेतलं. आणि एवढं सगळं असून लहानपणी सिडनीला पळायला लावायला काय लागायचं? चॉकलेट! रेस पळलीस तर चॉकलेट.

सोळा वर्षांची असतानाच रिओच्या संघात निवडली गेली. २०२४ला पॅरिसमध्ये हर्डल्स ५०.३७, विश्वविक्रम. आणि २०२५ला टोकियोत हर्डल्स बाजूला ठेवून सपाट चारशे ४७.७८ पळाली. मरिटा कोखचा १९८५चा ४७.६०चा विश्वविक्रम अजून उभा आहे, पण त्याच्या इतक्या जवळ आजवर कुणीच गेलं नव्हतं.

मला आवडतं ते हे की त्या घरात कुणी "तू माझं अपुरं पूर्ण कर" म्हणून मागे लागलेलं दिसत नाही. निदान लांबून तरी. आमच्या सोसायटीत एक गृहस्थ आहेत, मुलाला पहाटे साडेचारला उठवून पायऱ्या चढायला लावतात. मुलगा अकरा वर्षांचा. लिफ्टमध्ये भेटला की डोळे मिटलेलेच असतात.

---

खवचट_ठाणेकर

आमच्या घरात तीन पिढ्या ठाणे स्टेशनला सुटणारी लोकल पकडतायत. त्या इव्हेंटला कुणी कोच देईल का?

---

येऊर_वॉकर

एक जोड द्यायची राहून गेली. आपल्या पिढीला चारशे म्हटलं की मिल्खा सिंग. रोम १९६०, चौथा. "मागे वळून पाहिलं म्हणून हरला" ही गोष्ट ऐकत आपण मोठे झालो. पण तिसरा कोण आला हे किती जणांना ठाऊक आहे?

माल्कम स्पेन्स. दक्षिण आफ्रिकेचा. हातघड्याळाने तो ४५.५, मिल्खा ४५.६. गंमत अशी की दोनच वर्षं आधी, १९५८ला कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ४४० यार्डांत मिल्खाने याच स्पेन्सला मागे टाकून सुवर्ण घेतलं होतं. आणि रोमनंतर दक्षिण आफ्रिकेला ऑलिंपिकचं दार बंद झालं ते थेट १९९२पर्यंत. म्हणजे मिल्खाचं पदक घेऊन जाणारा माणूस फक्त गोऱ्यांच्या संघातून आलेला होता. त्या देशातल्या बाकीच्या पोरांना त्या रेसमध्ये उभंच राहता आलं नव्हतं. व्हॅन निकर्क आठव्या लेनमध्ये उभा राहिला तेव्हा रोमला बरोबर ५६ वर्षं झाली होती.

अवांतर: घराणं म्हणाल तर मिल्खाची पत्नी निर्मल कौर भारताच्या व्हॉलीबॉल संघाची कर्णधार होती. मुलगा जीव गोल्फमध्ये गेला. दोघांपैकी कुणाच्याच खेळात नाही. शहाणा मुलगा.

---

नौपाडा_४००

हे मला अजिबात माहीत नव्हतं. दोनदा वाचलं. रात्री जेवताना लेकीला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे स्पेन्सपेक्षा फास्ट पोरं तिथे घरी बसलेली असतील?" असतील बाई. किती होती ते आता कोण मोजणार?

---

सानपाडा_नेरूळ

व्हॅन निकर्कचं पुढे काय झालं? रिओनंतर नाव फारसं कानावर आलं नाही.

---

जुना_स्टार्टर

ते ऐकण्यासारखं आहे, आणि थोडं दुःखाचंही.

२०१७ त्याचं होतं. जूनमध्ये ओस्त्रावाला ३०० मीटर ३०.८१, तिथेही मायकल जॉन्सनचीच वेळ मोडली. ऑगस्टमध्ये लंडनला वर्ल्डमध्ये चारशेचं सुवर्ण आणि दोनशेचं रौप्य. बोल्ट निवृत्त होत होता, सगळे म्हणत होते आता हाच. आणि ऑक्टोबरमध्ये केपटाउनच्या न्यूलँड्सवर, मोठ्या रग्बी सामन्याआधी एक प्रदर्शनी टच रग्बीचा खेळ होता. टच रग्बी म्हणजे अंगावर न जाता नुसतं हात लावायचं. त्यात तो उतरला, वळताना गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्यातला मुख्य अस्थिबंध, गेलं.

तिथेही घरच आडवं आलं म्हणा. चेस्लिन कोल्बी, दक्षिण आफ्रिकेचा तो छोटेखानी रग्बीपटू, वेडच्या चुलत-मावस भावांपैकीच. रिओत वेडने सुवर्ण घेतलं त्याच स्पर्धेत चेस्लिनने रग्बी सेव्हन्सचं कांस्य घेतलं. ज्या घरात रग्बी चहासारखी चालते, तिथल्या पोराने धर्मादाय सामन्यात चेंडू पास करायला नाही म्हणायचं कसं? मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हणालो असतो, खेळ रे, काय होतंय.

दीड वर्ष गेलं. परतला, पण तो वेग नाही. २०२१ला टोकियो ऑलिंपिकमध्ये सेमीफायनलमध्येच बाहेर. २०२२ला युजीनच्या वर्ल्डमध्ये पाचवा, पुढच्या वर्षी बुडापेस्टला सातवा. तोपर्यंत टॅनी आन्सलाही सोडून अमेरिकेत दुसऱ्या कोचकडे गेला होता. त्यावर लोक बोलले, मी बोलणार नाही. गुडघा गेलेला माणूस काय काय करून बघतो ते मी ग्राउंडवर पाहिलंय. पण ४३.०३ अजून तिथेच आहे. पॅरिसला क्विन्सी हॉल ४३.४०ला आला, तरी सदतीस शतांश लांब.

---

कळव्याहून

जगात पाचवा म्हणजे "तो वेग नाही". बापरे.

काका, एसीएल गेल्यावर परत पळायला लागणं हीच मोठी गोष्ट आहे. आमच्या ग्रुपमधला एक मुलगा गेला तो गेलाच. ऑपरेशनचा खर्च ऐकून घरच्यांनी बारावीचा क्लास लावला.

---

नौपाडा_४००

कळव्याच्या दादा, त्या मुलाला अजून पळायचं असेल तर मला मेसेज कर. पैशाचं माहीत नाही, पण ओळखीत एक चांगली फिजिओ आहे, ती निदान बघून तरी देईल.

आणि आता जे खरं सांगायचं होतं ते. पहिल्या पोस्टमध्ये मी सांगितलं नाही. मागच्या वेळी लेकीची हॅमस्ट्रिंग धरली तेव्हा तिने आठवडाभर ते लपवलं होतं. सरांपासून नाही, माझ्यापासून. कारण स्टेट जवळ आली होती आणि मी रोज रात्री "आज किती लागलं?" विचारत होते. ती लंगडत जिना चढायची आणि दाराशी आली की सरळ चालायची. मला काहीच दिसलं नाही. ज्या बाईने स्वतः पळून पाय भरून आल्यावर मरीन लाइन्सच्या गवतावर आडवं पडून आभाळ बघितलंय, तिला दिसलं नाही. दिसलं सासूबाईंना. संध्याकाळी त्यांनी तिला नुसतं विचारलं, "काय गं, डावा पाय का ओढतेस?"

म्हणून घराण्याचा प्रश्न. मला वाटलं होतं मी तिच्यासाठी टॅनी आन्स आहे.

---

येऊर_वॉकर

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पंक्तीचं ते सगळं मागे घेतो.

---

सानपाडा_नेरूळ

ताई, हे लिहायला धीर लागतो. "किती लागलं" ऐवजी "कसं वाटलं" विचारून बघा. मी चित्रकलेच्या क्लासबद्दल बोलतेय, पण तिथेही चालतं.

---

जुना_स्टार्टर

आणि वही काढा तिची. टायमिंगची नाही. झोप किती, पाय कसे, पाळी कधी, एवढंच तिने स्वतः लिहायचं. तुम्ही वाचायची नाही, सरांनी वाचायची.

---

नौपाडा_४००

वही आणली. वर तिने मोठ्या अक्षरांत लिहिलंय: "आईने उघडू नये."

रविवारी तिची पहिली चारशे आहे, नुसती क्लबची ट्रायल. लेन आली आठवी. तिला वाटतंय मी सेटिंग केलं.

एक अडचण. तिच्या स्पाइक्समधल्या दोन पिना फिरत नाहीयेत, आणि ट्रॅक सिंथेटिक आहे तर सहा मिलिमीटरच्या लावायला सांगितल्यात. कुणाकडे चांगली किल्ली आहे का? आमची घासून गोल झालीय.

---

कळव्याहून

माझ्याकडे आहे. पिनाही आहेत सहाच्या, नवीन. शनिवारी पहाटे साडेपाचला दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या गेटजवळ असतो. तेलाचे दोन थेंब आधीच टाकून ठेवा, रात्रभर मुरू द्या.

---

खवचट_ठाणेकर

साडेपाचला चहाची टपरी उघडी असते का तिथे? मी येतो बघायला.